मोडीत दिलेला कॉम्प्युटर

अप्पा,

परवा दुकान रिकामं केलं. धाकट्याला आता भांडी विकायची नाहीत. त्या जागी तो मोबाइलचं दुकान टाकणार आहे, काचेची कपाटं आणि आत निळे दिवे, सगळं ठरवून बसलाय. केजच्या बाजारात भांड्याला आता कोण येतं म्हणतो, आणि त्यात तो खोटं बोलत नाही. त्याचा फोन आला, "अक्का, आठवण म्हणून काही पाहिजे असंल तर येऊन घेऊन जा, नंतर मला बोल लावू नको." मला आठवण म्हणून काही नको होतं. तुमचं तोंड आठवायला मला तांब्या-पेला लागत नाही. तरी लातूरहून सकाळची एसटी धरून आले, डोक्याला फडकं बांधलं आणि दिवसभर त्याच्याबरोबर पोती, खोकी, न खपलेली घंगाळं बाहेर काढत राहिले. सगळ्यात शेवटी तुमची गादी राहिली. ती दोघांनी दोन्हीकडून धरून उचलली, तर खाली फळीवर पत्र्याचं एक झाकण. मळक्या बदामी रंगाचं, कडेला खाचा असलेलं. मी बघताक्षणी ओळखलं. ते माझ्या कॉम्प्युटरच्या डाव्या अंगाचं झाकण होतं. तुम्ही मोडीत दिलेल्या कॉम्प्युटरचं. तो सगळाच्या सगळा गेला असंच मी आजवर धरून चालले होते.

माझ्या मुलीला मोड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. घरातलं जुनं तांबं-पितळ दुकानात आणायचं, ते काट्यावर घालायचं, त्याची किंमत धरून वर थोडे पैसे टाकायचे आणि नवं भांडं न्यायचं. तुमचं अर्धं दुकान त्यावर चालायचं. आणि काट्यावर घालायच्या आधी तुम्ही ते भांडं हातोड्यानं चेपायचात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. मी विचारलं होतं, चेपता कावून? तर म्हणालात, चेपलं की माणूस परत मागत न्हाई. मी तेव्हा नुकती वाचायला शिकले होते आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायची मला खोड होती. एक दिवस युसूफ वडगावची एक बाई पितळी घंगाळ घेऊन आली. तुम्ही ते आडवं करून हातोडा घेतलात आणि मी शेजारी बसून काठावरचं नाव वाचलं, तिचं नाव, आणि पुढं 'हिस आईकडून'. एवढंच. ती बाई उठली, तोंडाला पदर लावला, म्हणाली, "राहू द्या मालक, पुन्हा येते," आणि घंगाळ कमरेवर घेऊन पायऱ्या उतरून गेली. ती पुन्हा आली नाही. तुम्ही मला मारलं नाही, ओरडलाही नाहीत. हातोडा खाली ठेवलात आणि म्हणालात, "मोडीवरचं नाव वाचायचं न्हाई, बाई. वाचलं की हातोडा उठत न्हाई." त्यानंतर मोड आली की मी रस्त्याकडे बघत बसायची.

तो कॉम्प्युटर आपल्याकडे आला तोही मोडीसारखाच. अंबाजोगाईला एकाचा कॉम्प्युटर क्लास बसला होता, त्यातच त्याच्या पोरीचं लग्न निघालं, आणि तिच्या संसाराची सगळी भांडी त्यानं तुमच्याकडून नेली ती एका जुन्या कॉम्प्युटरच्या बदल्यात. गल्ली हसली तुम्हाला. तो नुसता काट्यावर घालायचाच राहिला होता. तुमचा बेत मोठा होता, दुकानाचा हिशेब आता त्यात ठेवायचा. त्या दिवसांत वारंच तसं होतं. टीव्हीवर नवे चॅनेल, बाजारात नव्या कंपन्या आणि ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. रोज सकाळी पूजा आटपून, कपाळावरची विभूती ओली असतानाच तुम्ही गादीवर त्याच्यापुढे मांडी घालून बसायचात आणि माऊस गादीवरच घासायचात. बाण जागचा हलायचा नाही. आठ-पंधरा दिवसांनी म्हणालात, "हे आपल्या कामाचं न्हाई," आणि तो घरी माझ्या खाटेशेजारी आला. आईनं त्याच्यावर विणलेला रुमाल घातला. मी तेव्हा बारावीला होते. रुमाल मी दुसऱ्या दिवशी काढून ठेवला.

पुढं कॉलेजला अंबाजोगाईला जायला लागले तेव्हा बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीवाल्याची ओळख झाली. माझ्यापेक्षा जरासा मोठा, तोंडाचा फटकळ. त्यानं एक सीडी दिली, गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची, आणि देतानाच म्हणाला, "तुझ्या डब्यावर चालायची न्हाई, बघ चालवून." खरंच चालली नाही. गाडी निघायची, मग चित्र थिजायचं, आणि पुन्हा हललं की गाडी भिंतीत घुसलेली. मला इतका संताप आला की मी दुसऱ्या दिवशी तास बुडवून त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "अप्पांना सांग नवा घ्यायला." मी म्हटलं, नवा न्हाई, ह्यालाच काय करता येतं ते सांगा. मग त्यानं स्वस्तातलं आधी आणि महागाचं शेवटी असं सगळं सांगितलं. आधी रॅमच्या पट्ट्या, त्या ह्या जुन्या बोर्डाला जोडीनंच लागतात, एकटी पट्टी चालत नाही. मग आवाजाचं कार्ड. आणि मग ग्राफिक्सचं कार्ड, खरं दुखणं तिथं होतं. सगळं जुनंच घ्यायचं, दुसऱ्याच्या मशीनमधून उतरलेलं, पण चालवून बघून. तुम्हाला हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं, अप्पा. भांड्याच्या दुकानातली पोर होते मी, वाजवून घ्यायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पैशाचं काय, तर नाव टाकायचं मशीन. ठरठर करत पत्र्यावर अक्षर कोरणारं ते यंत्र तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि अक्षरामागे मजुरी धरलीत, बाहेरच्या माणसाला द्यायचात तेवढीच. पोरगी म्हणून कमी नाही आणि जास्तही नाही. ह्याबद्दल मी तुम्हाला कधी नावं ठेवली नाहीत आणि आजही ठेवत नाही. लग्नसराईत मी कॉलेजातून येऊन थेट दुकानात बसायची. 'चि. सौ. कां.' लावल्याशिवाय ज्यांचं भागत नाही अशी गिऱ्हाइकं मला फार आवडायची. तुम्ही गालातल्या गालात हसून म्हणायचात, "ह्या बाईला आडनावबी पूर्ण टाक गं, लांब हाय." संध्याकाळपर्यंत मनगटाला मुंग्या यायच्या. पट्ट्या आल्या, आवाज आला. कुकरचे दांडे बसवायचा दुकानातला पेचकस घेऊन मी कॉम्प्युटर उघडायची. उघडायच्या आधी हात लोखंडी खाटेला लावायची, अंगातली वीज उतरावी म्हणून दुरुस्तीवाल्यानं तसं सांगितलं होतं. आई म्हणायची पूजा मांडल्यासारखं काय करते ही.

उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापायचा आणि बंद पडायचा. म्हणून मी डाव्या अंगाचं झाकण कायमचं काढून भिंतीला टेकवून ठेवलं आणि समोर टेबलफॅन लावला, आपण सगळे घामानं निथळत असताना फॅनचा वारा कॉम्प्युटरला. तुम्ही त्याला कधी हरकत घेतली नाहीत. उलट दुकान बंद करून आलात की हातपाय धुऊन माझ्या खाटेवर मागे बसायचात आणि बघायचात. वळण आलं की तुमचा उजवा पाय खाली दाबला जायचा. "ब्रेक मार की, बाई. ब्रेक मार." बोटानं बटणं दाबायची असतात हे तुम्हाला दिसत होतं, तरी पाय दाबायचात. मी मुद्दाम ब्रेक मारायची नाही. गाडी आपटली की तुम्ही "गेली" म्हणायचात आणि उठून जेवायला जायचात. आजही तो तुमचा "गेली" माझ्या कानात आहे, आणि मला तो नको आहे.

कार्ड मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. लातूरला कुणीतरी आपलं जुनं विकायला काढलं होतं, दुरुस्तीवाल्यानं ते माझ्यासाठी धरून ठेवलं, आणि मी एक अख्खी लग्नसराई त्यासाठी कोरत बसले. ते बसवून गेम लावला त्या दिवशीचं सांगते. रस्ता पळत होता. कडेच्या झाडांना पानं होती, आधी नुसते हिरवे ठोकळे असायचे. गाडीची सावली गाडीबरोबर वळत होती. मी सगळ्यांना हाक मारली. आई आली, "दिसतंय बरं" म्हणाली आणि तव्यावरची भाकरी करपते म्हणून गेली. तुम्ही बसलात. बराच वेळ बघून म्हणालात, "आधी असं नव्हतं." बस, तेवढंच. पण तुम्ही पाहिलं होतं, अप्पा, आधी काय होतं आणि मी काय केलं ते. दुसऱ्या दिवशी मी ते झाकण दुकानात नेलं आणि आतल्या बाजूला माझं नाव कोरलं. नुसतं माझं. आपल्या घरातल्या एकूण एक भांड्यावर कुणीतरी दिल्याचं नाव होतं, अमक्याकडून, तमक्याकडून. हे कुणाकडून नव्हतं. म्हणून 'कडून' टाकलंच नाही.

ह्याच सुमाराला त्या एक्सचेंजच्या जाहिराती सुरू झाल्या. जुना टीव्ही आणा नवा न्या, जुना फ्रीज आणा नवा न्या. तुम्ही पेपर वाचता वाचता मांडीवर हात मारला होता. "ह्या कंपन्यांला आता कळालं. आमी बापजाद्यापासून हेच करत आलो." आपलं दुकान तेव्हा उतरणीला लागलं होतं, पितळ मागायला कुणी येत नव्हतं, सगळ्यांना प्लास्टिकच्या बादल्या आणि न चिकटणारे तवे हवे होते, त्यामुळे तुम्हाला ती जाहिरात म्हणजे कुणीतरी येऊन तुमच्या धंद्याला नमस्कार केल्यासारखी वाटली असणार. बीडच्या एका दुकानदारानं कॉम्प्युटरचंही तसंच काढलं. तीही जाहिरात तुम्ही मला वाचून दाखवली. मी म्हटलं, आपल्याला काय करायचं, आपला मस्त चाललाय. तुम्ही म्हणालात, "तसं न्हाई, पण दिसतो कसा. उघडा-नागडा. पाहुणे आले तर?" मी हसण्यावारी नेलं. पाहुणे कसले ते तेव्हा मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच महिन्यात मी औरंगाबादच्या हार्डवेअरच्या कोर्सचा फॉर्म आणून तुमच्या पुढ्यात ठेवला होता. दुरुस्तीवाला म्हणाला होता, तुझा हात चांगला हाय, शिकून ये, मग माझ्याइथं बस नाहीतर स्वतःचं टाक. मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही चष्मा लावून फॉर्म उलटा-सुलटा केलात आणि म्हणालात, "बघू." दुकानात तुम्ही कुणाला "बघू" म्हणालात की ते गिऱ्हाईक समजून जायचं आणि चपला घालायचं. मी तुमची मुलगी असून मला समजलं नाही.

शेवटचा पेपर देऊन मी अंबाजोगाईहून आले. खाटेशेजारी नवाकोरा कॉम्प्युटर, समोरून निळा, पडद्यावर अजून चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. तुम्ही थर्माकोलचे तुकडे गोळा करत होतात आणि तुमचं तोंड फुललं होतं. मी काही विचारायच्या आधीच सांगायला लागलात. बीडला गेलतो. जुन्याची बरी किंमत धरली त्यानं. येताना जीपमधी मांडीवर घेऊन बसलो, मांजरसुंब्याला सगळे चहाला उतरले, मी न्हाई उतरलो, म्हटलं कुणी धक्का-बिक्का दिला तर. मी विचारलं, जुना कुठाय? "दिला की मोडीत." त्यातलं काही काढून घेतलं का? तुम्ही माझ्याकडे न बघता सुतळीची गुंडी करायला लागलात आणि म्हणालात, "काय काढायचं? मला काय कळतं त्यातलं." आई दारात उभी होती, तिच्या डोळ्यांत नुसतं आता काही बोलू नको एवढंच होतं. मी म्हटलं, "लई छान हाय, अप्पा." तुम्ही सुतळी गुंडाळायची थांबलात, माझ्याकडे बघितलंत आणि पुन्हा गुंडाळायला लागलात.

गेम त्याच्यावर चालला नाही. सीडी घातली की पाटी यायची, कार्ड सापडत नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ह्यात चित्राचं सगळं बोर्डावरच असतंय, स्वस्तातलं, आणि तुझा गेम तर त्या कार्डासाठीच लिहिलेला. ते कार्ड कुठं हाय? मी सांगितलं मोडीत गेलं. नेहमी फटकळ बोलणारा माणूस, तो हळू आवाजात म्हणाला, बघतो विचारून, आणि त्याचं मला जास्त लागलं. त्यानं बीडला विचारून बघितलं. तोवर तिथं त्याचे भाग सुटे होऊन कुठं कुठं गेले होते. नवा डबा दिसायला देखणा, आतून पोकळ. दुकानात असं भांडं आलं असतं तर तुम्ही टिचकी मारून, आवाज ऐकून परत केलं असतंत.

चारच दिवसांत पाहुणे आले. मुलाच्या वडलांनी आल्या आल्या पडद्याच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "नवा दिसतोय. मुलीला येतो का चालवता?" तुम्ही म्हणालात, "सगळं येतं तिला." मग मला बसवलं आणि काहीतरी करून दाखवायला सांगितलं. मी माझं नाव टाइप केलं, मोठ्या अक्षरात. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो फॉर्म आईनं आधीच उचलून फडताळात ठेवला होता, पसारा दिसू नये म्हणून, आणि पुढं लग्नाच्या गडबडीत त्याची मुदत निघून गेली. माझा नवरा वाईट माणूस नाही, हे इथंच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळ्याचं खापर माझ्यावर फोडतेस. संसार झाला, चांगला झाला. पण मी पुन्हा पेचकस हातात धरला नाही. बँकेत लागले, तिथं कॉम्प्युटर बिघडला की माणूस बोलवायचा आणि तो येईपर्यंत चहा प्यायचा. त्याचं उघडलेलं मशीन मी लांबून बघायची. कुठं काय चुकतंय ते मला दिसायचं, आणि मी बोलायची नाही.

एकदा मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. पहिल्या दिवाळीला आले होते, तुम्ही ओसरीत बसला होता. मी म्हटलं, अप्पा, त्या जुन्यात माझं कार्ड होतं, मी अख्खी लग्नसराई हात मोडून घेतलेलं, एकदा विचारायचं तरी. तुम्ही म्हणालात, "कसलं कार्ड? मला काय कळतं त्यातलं, बाई." आणि मी ते मानलं. खरं सांगते, मानून बरं वाटलं. माझा बाप अडाणी आहे, भांडेवाला आहे, त्याला दिसतं ते चकाकतं तेवढंच, त्यानं प्रेमानंच केलं, त्याला कळलं नाही. ह्या एका वाक्यावर मी सगळा राग टेकवून ठेवला. तुम्ही गेलात तेव्हाही दहाव्याला बायका रडत होत्या आणि मी मनात म्हणत होते, जाऊ दे, त्यांना माहीतच नव्हतं. ज्याला माहीत नाही त्याच्यावर माणूस किती दिवस चिडणार.

आणि परवा हे झाकण. मी धाकट्याला विचारलं, हे इथं कसं आलं? तो म्हणाला, "ते होय? मलाबी आधी वाटायचं फळी चिरली म्हणून टाकलं असंल. पण दर दिवाळीला गादी बदलायची असायची ना, तवा अप्पा ते स्वतः काढायचे, पुसायचे, आणि परत ठेवायचे. मला हात लावू द्यायचे न्हाईत. एकदा मी त्याच्यावर रंगाचा डबा ठेवला तर खेकसले माझ्यावर. म्हणले, अक्काचं नाव हाय त्यावर, काही ठेवू नको." मी ते उचलून पालथं केलं. आतल्या बाजूला माझं नाव, पहिलं अक्षर जरा तिरकं गेलेलं, तसंच्या तसं. कुठं गंजाचा ठिपका नाही. धाकट्याचे डोळे भरून आले. "बघ, किती जीव होता त्यांचा तुझ्यावर." मी त्याला म्हटलं, तू जरा बाहेर जा.

तुमचा जीव होता हे मला कुणी सांगायची गरज नाही, अप्पा. म्हणजे तुम्ही वाचलं होतं. बीडला न्यायला म्हणून ते मशीन उचललंत, भिंतीला टेकवलेलं झाकण बसवायला घेतलंत, आणि वाचलंत. तुम्ही एका बाईच्या घंगाळावरची ओळ ऐकून हातोडा खाली ठेवणारा माणूस. नाव वाचलं की हातोडा उठत नाही, हे मला शिकवणारा. तुमचा उठला. नाव तेवढं बाजूला काढलंत आणि बाकीचं काट्यावर घातलंत. आणि वर मला म्हणालात, मला काय कळतं त्यातलं. सगळं कळत होतं तुम्हाला. रोज मागे बसून बघत होतात, आधी असं नव्हतं म्हणाला होतात. ते मशीन कुणी उभं केलं, कशासाठी केलं, आणि ते राहिलं तर पोरगी कुठं जाईल, हे तुम्हाला तेव्हा माझ्यापेक्षा चांगलं समजलं होतं. म्हणून तर ते घालवलंत. चेपलं की माणूस परत मागत नाही. मी मागितलं नाही. आणि मी लई छान हाय म्हटलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत, ते कशाला, हेही आता कळतंय. आपण दोघं खोटं बोलत होतो आणि दोघांना ते माहीत होतं, फक्त मला तुमचं माहीत नव्हतं. तुम्हाला अडाणी समजून मी इतकी वर्षं सुखानं काढली. तेवढं तरी राहू द्यायचं होतं. काय म्हणून ते जपून ठेवलंत? टाकून दिलं असतंत तर मला कधी कळलं नसतं.

संध्याकाळी भंगारवाला आला, उरलेलं सगळं त्याच्या काट्यावर चढत गेलं. त्यानं माझ्या हातातल्या झाकणाकडे बघितलं आणि हात पुढं केला. मी दिलं नाही. एसटीत मांडीवर आडवं धरून लातूरला आणलं, कंडक्टर म्हणाला, ताई, हे वर ठेवा की. सध्या ते स्वयंपाकघरात सिलिंडरमागे उभं आहे. त्याचं काय करायचं ते मला ठरवता येत नाही, आणि दिसलं की डोकं फिरतं.

आणखी एक. मुलगी शिकायला बाहेर गेली, तिचा कॉम्प्युटर घरी पडून होता, जुना झालेला, तिच्या आताच्या गेमना न पुरणारा. पुढच्या दोन दिवसांत मी तो उघडला. एका दुकानातून वापरलेलं कार्ड आणलं, चालवून बघून, घासाघीस करून. रॅम वाढवली. हात अजून विसरलेला नाही. माझी ती सीडी मी इतक्या घरांतून, इतक्या बदल्यांतून सांभाळली होती हे नवऱ्याला पहिल्यांदाच कळलं. जुन्या कार्डाचं सोंग घेणारी एक फाइल मिळते म्हणे आता, मुलीनं फोनवर सांगितलं कुठं टाकायची. आज संध्याकाळी गेम लागला. आताच्या मानानं अगदीच पोरखेळ दिसतो, पण रस्ता पळत होता, झाडांना पानं होती. पहिलं वळण आलं. मी ब्रेक मारला नाही. गाडी भिंतीवर गेली आणि थांबली, आणि मी पुढचं बटण दाबलं नाही, तशीच बसून राहिले.

हे तुम्हाला सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. मागून कुणी "गेली" म्हणतंय का, ह्याची मी वाट बघत होते.